सुई ओढायच्या सोप्या युक्त्या

६ जानेवारी, सकाळ

नव्या वर्षाचे संकल्प पाच दिवस उशिरा. वही सापडत नव्हती. ती सापडली तेव्हा पेन सापडेना. विलंबास लेखक जबाबदार नाही.

संकल्प: रोज लिहिणे. थोडक्यात लिहिणे. घरात लक्ष घालणे. (तिसरा हिच्या सूचनेवरून. सूचना जुनी आहे, दर वर्षी नव्याने येते.)

चहा घेताना ही म्हणाली, मी एक गोधडी शिवायला घेतेय. ती संपली की ताईकडे जाणार. राहायला. परत येणार नाही.

मी म्हटलं, पाहुणा स्वतःचं पांघरूण घेऊन आला की यजमानाने धास्ती घ्यावी. बरा विनोद होता. हसली नाही. सकाळी तिचा रक्तदाब कमी असतो.

'परत येणार नाही' ही अतिशयोक्ती. अलंकार आहे, विधान नव्हे. ताईकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे, ही चौथ्या दिवशी कंटाळते.

६ जानेवारी, संध्याकाळ

खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, का जातेस. म्हणाली, मी बोलते तेव्हा तू ऐकत नाहीस, तपासतोस.

मी म्हटलं, 'तपासतोस'पेक्षा 'पडताळतोस' जास्त नेमकं होईल.

बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. शब्द पटला असावा.

९ जानेवारी

गोधडीची पाहणी केली. वरचा थर तुकड्यांचा: बैठकीतला जुना पडदा, हिचा कॉलेजातला निळा ड्रेस, माझा चौकडीचा शर्ट. (तो मी शोधतच होतो. माझ्या मते अजून वापरात होता.) मधे कापसाचा पातळ थर. खाली अस्तर म्हणून लग्नात आहेर आलेली पांढरी चादर, इतकी वर्षं घडी न मोडलेली. वीण अशी घट्ट की पाण्याचा थेंबसुद्धा आत शिरण्यापूर्वी परवानगी मागेल.

सांगितलं, हे अस्तर चुकीचं आहे. मऊ, विरळ विणीचं घे, सुई अडणार नाही. म्हणाली, असू दे. मला हेच हवंय.

हट्ट. आणि हट्ट कुणापुढे? दर रविवारी 'सोप्या घरगुती युक्त्या' हे सदर ज्याच्या हातून उतरतं त्याच्यापुढे. सदराखाली 'एक अनुभवी गृहिणी' अशी सही असते. गृहिणी मी. संस्कृतात एम.ए. करून वर्तमानपत्रात गेलो तेव्हा हीच एक जागा रिकामी होती. बाकीचे दिवस प्रुफं. वाचक मला ताई म्हणतात. शाईचे डाग, चिकटलेली झाकणं, कुरकुरणारी दारं: कित्येक घरं माझ्यावर चालली आहेत.

तर अडचण अशी. ही धावदोऱ्याचे चार-पाच टाके एकदम सुईवर घेते. सुई तिन्ही थरांत शिरते आणि ठाण मांडून बसते. बाहेर आलेलं टोक चिमटीत धरून ओढावं, तर बोटं घसरतात. संध्याकाळपर्यंत एक वीत काम. या चालीने उन्हाळा उजाडेल.

निदान: पकड ढिली. बाकी सर्व ठीक.

संकल्प: पकडीचा प्रश्न महिनाअखेर निकालात काढणे. घरातल्याच वस्तूंतून, कमीत कमी खर्चात.

ता.क. रुंदी मोजली. एका माणसापुरती भरली. कडेने पट्टी जोडणार असेल.

१२ जानेवारी

अंगुलित्राण पहिलं: फुगा.

(बोटाच्या रक्षकाला संस्कृतात अंगुलित्राण म्हणतात. धनुर्धर वापरत. हिला सांगितलं. म्हणाली, मी कुठे बाण मारतेय? पूर्वी मारायची.)

न फुगवलेला फुगा घेऊन पाकळीएवढा तुकडा कापला. सुईच्या टोकाला गुंडाळायचा, ओढायचं. आधी मी स्वतः प्रयोग केला. सुई आली. रिझल्ट उत्तम. फक्त फुगा लाल होता आणि माझा हात ओला, त्यामुळे पांढऱ्या अस्तरावर आता माझ्या अंगठ्याचा गुलाबी ठसा आहे.

म्हटलं, डागाची काळजी नको, डागांवर माझी तीन सदरं झाली आहेत. ओलं फडकं घेऊन आलो. म्हणाली, राहू दे. पुसू नकोस.

हिचा हा आळस पूर्वी नव्हता.

१५ जानेवारी

अंगुलित्राण दुसरं: भांडी घासायच्या रबरी हातमोज्याची तर्जनी. कात्रीने कापली, हिच्या बोटावर चढवली. शोभून दिसलं. ग्रिपही चांगली.

संध्याकाळी भांडी माझ्याकडे आली. (पाहा: संकल्प तिसरा.) साबणाचं पाणी कापलेल्या तर्जनीतून आत, तिथून कोपरापर्यंत. ही दाराशी उभी होती. म्हणाली, पंडित, कापायचंच होतं तर डाव्या हातमोज्याचं तरी. मी म्हटलं, डावा आधीच फाटका आहे. म्हणाली, तोच तर.

'पंडित' हे माझं कॉलेजातलं नाव. हिनेच ठेवलेलं. बऱ्याच दिवसांनी ऐकलं. वापरातून गेलं असावं असा माझा समज होता.

सदरात टीप द्यायची: फाटका हातमोजा टाकू नये.

१९ जानेवारी

रबरबँड. अंगठ्याला चार वेढे, तर्जनीला चार. सिद्धांत निर्दोष. बोट निळं पडलं, ते माझंच. हिने वेढे सोडवले आणि बोट दोन्ही हातांत धरून चोळत बसली. मी सांगितलं, रक्त आपोआप उतरतं, चोळायची गरज नसते. तिने सोडलं.

ऑफिसात कॅशियरकडे नोटा मोजायची रबरी टोपी असते, बोटावर घालायची, बाहेरून बारीक दाणे. उसनी मागितली. कशाला, असं त्याने विचारलं. सांगितलं, बायको लवकर माहेरपणाला निघावी म्हणून. तो म्हणाला, साहेब, लोक उलट युक्ती शोधतात. खूप हसलो दोघे.

टोपी हिला सैल होते. कॅशियरचा अंगठा मोठा.

२४ जानेवारी

पक्कड. साधी, तारा वाकवायची. ओढली आणि सुई मोडली. अर्धी गोधडीत, अर्धी पकडीत. दुसरी सुई. तीही.

ही म्हणाली, पुरे आता, मला घाई नाही. मी म्हटलं, मला आहे. तुझं काम अडलेलं मला बघवत नाही.

 मोडलेली टोकं बराच वेळ हाताने चाचपून काढत बसली. म्हणाली, आत राहिली तर पांघरणाऱ्याला टोचतील.

बरोबर आहे. शेवटी मलाच टोचणार.

२८ जानेवारी

वाया गेलेला दिवस.

चष्म्याची काडी तुटली, चष्मा दुकानात. प्रुफं वाचता येईनात म्हणून ऑफिसातून लवकर घरी. घरी आल्यावर पेपर नाही, कोश नाही, ही वहीसुद्धा आज नाकाला लावून लिहितोय. करण्यासारखं काहीच नसल्यामुळे हिच्यासमोर बसलो आणि गोधडीची लाकडी रिंग धरली. कापड ताणलेलं राहावं म्हणून रिंग लागते. दुसऱ्याने धरली तर हिचे दोन्ही हात मोकळे राहतात.

ही बोलत होती. मी ऐकत होतो. दुसरा उपाय नव्हता.

ताईच्या घराची वरची खोली. तिला पूर्वेची खिडकी आहे. खाली ताई शिवणाचे वर्ग घेतात, ते आता ही चालवणार. मग विषय कॉलेजच्या कॉमन रूमवर गेला. तिथलं टेबल-टेनिसचं टेबल, एक पाय आखूड, त्याखाली माझं व्याकरणाचं पुस्तक घातलेलं. ही बॅट पेन धरल्यासारखी धरायची. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ही पकड चुकीची आहे. आणि ओळीने सगळे गेम हरलो होतो. आज म्हणाली, तू हरल्यावर स्कोअर तपासायचास, आठवतं? दोनदा मोठ्याने हसली. मीही. चूक काढावी असं काही सुचलं नाही. चष्म्याशिवाय माझं डोकं चालत नाही.

काळोख पडल्यावर दिवा लावायला कुणीच उठलं नाही.

एकही अंगुलित्राण झालं नाही. प्रगती शून्य.

२९ जानेवारी

शून्यापेक्षा वाईट. ऑफिसला निघताना बघतो तर कालच्या दोन रांगा गायब. हिने उसवल्या. म्हणाली, टाके वाकडे आले होते.

चष्मा परत मिळालाय. सुयांची भोकं अजून दिसतात. रांग दोरीसारखी सरळ होती.

कार्यकारणभाव स्पष्ट आहे: मी समोर बसलो, गप्पा झाल्या, हिचं लक्ष विचलित झालं, काम मागे गेलं.

संकल्प: यापुढे काम चालू असताना तिथे बसायचं नाही.

३ फेब्रुवारी

फुग्याची युक्ती रविवारी छापून आली. वाचकांची दाद. एका बाईंनी लिहिलंय, ताई, तुमच्या फुग्याने माझ्या सासूबाईंची सुई धावू लागली. तुमचे यजमान किती भाग्यवान. हिला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाली, कळव त्यांना, यजमान मजेत आहेत.

आज कुकरची जुनी रिंग. बोटभर तुकडा कापून मधे चीर दिली, सुई तीत धरायची. पकड चांगली, पण रबराला इतक्या वर्षांच्या वाफेचा वास. ही म्हणाली, नको, पांघरल्यावर रात्रभर स्वयंपाकघरात झोपल्यासारखं वाटेल.

मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा. काळा डाग. मग औषधाच्या ड्रॉपरचं रबरी बोंडूक. टिकलं नाही.

दोन रांगा रोज संध्याकाळी पुढे जातात, त्यातली एक सकाळी मागे आलेली असते. असा चोखंदळपणा मी फक्त प्रुफांत पाहिलाय. रिंग धरायला ये, असं ही परवा म्हणाली. मी म्हटलं, तू शीव, मी मधे येणार नाही.

८ फेब्रुवारी

अक्कडसासूंचा फोन. (बायकोच्या थोरल्या बहिणीला कोशात हाच शब्द आहे. कोशकाराचा स्वानुभव असावा.) ही अंघोळीला गेलेली, फोन मी घेतला.

म्हणाल्या, भावोजी, वरच्या खोलीला रंग दिलाय, कपाट रिकामं केलंय, पण ही काही दिवस सांगत नाही. तुमचं काय चाललंय?

मी सांगितलं, बिलकुल काळजी करू नका. गोधडीमुळे अडलंय. मी जातीने लक्ष घातलंय, लवकर संपवून देतो.

 म्हणाल्या, तुम्ही संपवून देताय?

म्हटलं, हो. मी नसतो तर तिला जून उजाडला असता.

म्हणाल्या, धन्य आहे तुमची. आणि फोन ठेवला.

मोजकं बोलतात, पण कदर आहे.

फक्त कपाट रिकामं कशाला केलं ते कळलं नाही. चार दिवसांना एक खुंटी पुरते.

११ फेब्रुवारी

सापडलं! सापडलं! इतके दिवस डोक्यावर होतं आणि दिसलं नाही. शब्दशः डोक्यावर: कपाटाच्या माथ्यावर, कापडी पिशवीत.

टेबल-टेनिसच्या बॅटचं रबर. बारीक दाणे, खाली स्पंज, सुई धरण्यासाठीच जणू घडवलेलं. कॅशियरची टोपी यापुढे काहीच नाही.

पिशवीत बॅटी दोन. माझी नवी राहिली आहे, हिच्या बॅटच्या मुठीचा रंग उडालेला. साहजिकच हिची घेतली. शिवाय पुढेमागे खेळायचं ठरलं तर एक तरी धड बॅट घरात हवीच.

ब्लेडने दोन गोल कापले, रुपयाएवढे. एक अंगठ्याला, एक तर्जनीला. आतून चिकटपट्टी. एवढं सुबक अंगुलित्राण मी आजवर केलेलं नाही. ही बाजारातून आली तेव्हा टेबलावर मांडून ठेवलं होतं, शेजारी बॅट, म्हणजे कुठून आलं ते कळावं.

बॅट हातात घेतली. भोकांतून बोट फिरवलं. मग पेनसारखी धरली, तशीच, चुकीची. 

मी म्हटलं, कसं वाटलं? म्हणाली, पंडित, तुझ्यापुढे हात टेकले.

भारावली होती. 

१२ फेब्रुवारी

यश. एका दिवसात सहा रांगा. एकही उसवली नाही.

१७ फेब्रुवारी

काय तो वेग! सकाळी ऑफिसला जाताना शिवतेय, संध्याकाळी येतो तर शिवतेय. सुई आत, सुई बाहेर. पूर्वी मधेच थांबून माझ्याकडे बघायची; ते बंद. पूर्ण एकाग्रता. मी ठरल्याप्रमाणे दुसऱ्या खोलीत.

इकडून आवाज मात्र ऐकू येतो. दोरा घट्ट कापडातून ओढला की कागद फाटल्यासारखा बारीक आवाज होतो. पूर्वी दोन आवाजांच्या मधे चहा पिऊन व्हायचा.

सदरासाठी मथळा: 'जुन्या खेळसाहित्याचा सदुपयोग'.

२२ फेब्रुवारी

गोधडी पूर्ण.

कडेने पट्टी जोडलेली नाही. विचारलं, रुंदी एवढीच? म्हणाली, मला पुरते.

पलंगावर पसरून पाहिली. हिची बाजू बरोबर झाकली जाते. माझ्या बाजूला चादर दिसत राहते.

२३ फेब्रुवारी

निघाली. दोन बॅगा, एक गोधडी, शिवणाचं मशीन. मशीन बघून मी म्हटलं, चार दिवसांत मशीनवर काय शिवणार? म्हणाली, पंडित. एवढंच.

प्रवासासाठी एक पत्र्याची डबी तयार केली होती: फुग्याचे तुकडे, तर्जनी, कुकरची रिंग (उन्हात वाळवून, वास बराच कमी), रबरबँड. नावं चिकटवून. दिली. हिने उघडून सगळं एकेक पाहिलं, झाकण लावलं आणि डबी टेबलावर ठेवली. म्हणाली, ही तुझ्याकडे असू दे. तुझ्या उपयोगाची आहे.

टॅक्सीवाला खाली हॉर्न देत होता. दारात थांबली. तिने विचारलं, तुला काही बोलायचंय?

आठवून पाहिलं. काहीतरी होतं खरं. मग सुचलं. विचारलं, घराची किल्ली घेतलीस?

पर्समधून काढली आणि माझ्या हातात दिली. हेही योग्यच. प्रवासात हरवली असती.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ

पोचल्याचा फोन आला. पोचले म्हणाली. मी म्हटलं, छान. सहा जानेवारीपासून हाती घेतलेलं एक काम तडीस गेलं. असं वर्ष सुरू व्हायला हवं.

२७ फेब्रुवारी

चौथा दिवस. कंटाळण्याचा. दोन कप चहा केला. बसचा आवाज आला की गॅलरीत जातो. टॅक्सीने येईल हे ध्यानात आल्यावर टॅक्सीचे आवाजही धरले.

दुसरा कप थंड झाल्यावर प्यायलो. थंड चहा केसांना लावतात, यावर पूर्वी लिहिलं होतं.

४ मार्च

सकाळी फोन केला. निमित्त: गॅसचं कार्ड कुठे आहे. (माहीत होतं. समोर होतं.) अक्कडसासूंनी उचलला. म्हणाल्या, ती खाली वर्गावर आहे. बायका जमल्यात, तिला बोलावत नाही.

मी म्हटलं, कधी परत यायचं म्हणते?

म्हणाल्या, भावोजी, तुम्ही खरंच विचारताय की तपासताय?

मग बोलायलाच लागल्या. शब्दशः उतरवतो, म्हणजे नंतर चूक शोधता येईल.

म्हणाल्या, मी तिला अस्तराला मऊ मलमल देत होते. नको म्हणाली. म्हणाली, ताई, चादरच बरी, सुई अडेल, वेळ लागेल. तेवढ्या वेळात तो काहीतरी बोलेल. इतकी वर्षं शिवतेय ती, घट्ट चादरीला सुई चालत नाही हे तिला कळत नव्हतं का? तुमची वाट बघत एकेक टाका घालत होती. मधे एकदा फोन केला मला, म्हणाली, ताई, आज तो समोर बसला होता, रिंग धरून, आज दिवाही लावला नाही आम्ही. मी उद्या दोन रांगा उसवते. हसत होती वेडी. वाटलं, आता नाही येत ही. खोलीचा रंगाचा माणूस परत पाठवला मी. आणि तुम्ही काय केलंत? पक्कड आणलीत.

मी म्हटलं, पक्कड त्याआधीची. चोवीस जानेवारी.

म्हणाल्या, तारीख बरोबर असेल तुमची.

मी म्हटलं, पण पकड ढिली होती, हे तर मान्य कराल?

म्हणाल्या, कुणाची?

गॅसचं कार्ड सापडलं, असं सांगून फोन ठेवला.

पूर्ण मजकूर तीनदा वाचला. चूक सापडली नाही.

५ मार्च

उत्तरपक्ष. अक्कडसासूंचं म्हणणं गृहीत धरलं तरी एक गोष्ट उरते: बॅटच्या रबराने काम झपाट्याने झालं, हे निर्विवाद. म्हणजे युक्ती लागू पडली. युक्तीचा परिणाम काय झाला हा वेगळा मुद्दा. एवढं श्रेय तरी मला द्यावं लागेल.

संकल्प: रविवारी जाऊन तिला घेऊन येणे. समोर बसून बोलणे. काय बोलायचं त्याचा कच्चा खर्डा आधी करणे.

७ मार्च

खर्डा, पहिला: 'तू परत यावंस असं मला वाटतं.' 'वाटतं' कमकुवत आहे.

दुसरा: 'तू परत यायला हवंस.' आज्ञार्थाचा भास होतो.

तिसरा: 'तू परत ये.' हा खरोखरच आज्ञार्थ.

चौथा: 'तू जाऊ नकोस.' हा सर्वांत चांगला. पण काळ निघून गेलाय.

८ मार्च

रविवार. गेलो नाही. खर्डा पक्का झालेला नाही.

१० मार्च

जाताना सोबत काहीतरी न्यावं म्हणून कपाटावरची पिशवी काढली. दोन बॅटी घेऊन जाईन, म्हणेन एक गेम खेळू, तू कशीही धर. भोकं पडलेली आहे ती मी घेईन. हा खर्ड्यापेक्षा सरस विचार होता. 

तिची बॅट काढली. भोकं नाहीत.

दोन्ही गोल जागेवर परत बसवलेत. दाण्याला दाणा जुळवून, गोंदाने. माझी चिकटपट्टी खरवडून काढलेली. नीट बघितलं तरच कापल्याची रेघ दिसते. भिंग घेऊन बसलो. सुईने रबरावर बारीक ओरखडे येतात, हे मला इतर सर्व तुकड्यांवरून माहीत आहे.

एकही ओरखडा नाही. एकही नाही.

म्हणजे शेवटच्या सगळ्या रांगा तिने नुसत्या बोटांनी ओढल्या. त्याच चादरीतून. त्या वेगाने. पकड पहिल्यापासूनच तशी होती. पेनसारखी, आणि ती ओळीने जिंकत होती.

बॅट मुठीत धरून पाहिली, तिच्यासारखी. माझ्या हातून घसरते.

११ मार्च

ऑफिसला गेलो नाही. चौकडीच्या शर्टाचं एक बटण तुटलं आहे, असं वाटून शोधलं. मग आठवलं, शर्ट गोधडीत आहे. निळ्या ड्रेसच्या शेजारच्या चौकोनात. एकाला एक लागून, मधे एक धावदोरा. आणि उलट बाजूला, अस्तरावर, माझा अंगठा.

ते तिने नेलंय.

१४ मार्च

सदर पाठवलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. संपादकांचा फोन आला, मजकूर कुठे आहे?

सांगितलं, गृहिणी घरी नाही.

ते हसले. म्हणाले, बरं बरं, मग तसंच छापू. पण वाचक विचारतील, परत कधी येणार?

मी म्हटलं, येणार नाही. सहा जानेवारीला, चहा घेताना, तिने सांगितलं होतं.